काशीला कधी जावं: आखाजीनंतर, दिवाळीत की थंडीत?

पत्र थोडक्यात: चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरची शेती केळी आणि कपाशीची. सासूबाई ७२ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, पण एकदा काशी करायचीच असा त्यांचा हट्ट आहे. त्यांची ६५ वर्षांची धाकटी बहीणही सोबत येणार आहे. मुलगी आठवीत जाईल, मुलगा जूनपासून दहावीत. वर्ष २०२६ संपायच्या आत जायचं ठरलंय, पण महिना ठरत नाही. यजमान म्हणतात, आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की मे महिन्यात जाऊ, शेतात काम नसतं आणि उन्हाची आपल्याला सवय आहे. सुरतला असलेले दीर म्हणतात, दिवाळीच्या सुटीत सगळेच जाऊ आणि देवदिवाळीही बघून येऊ. शेजारच्यांचं मत, काशी थंडीतच करावी, जानेवारीत जा. सासूबाईंना मात्र श्रावणी सोमवारी विश्वेश्वराला बेल वाहायचाय. ताई विचारतात, "सगळ्यात चांगला महिना कोणता, एवढं एकच सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल."

ताई,

एकच विचारलंत, तर उत्तर डिसेंबरचा पहिला आठवडा. तारखा पुढे दिल्या आहेत. पण नुसता महिना सांगून तुमच्या घरातला वाद मिटायचा नाही. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. यजमान शेत बघून बोलतात, दीर सुटी बघून, शेजारी थर्मामीटर बघून आणि सासूबाई पंचांग बघून. ज्या गुडघ्यांवर ही सगळी यात्रा चालायची आहे, ते मात्र कुणीच बघितलेले नाहीत. काशीच्या बाबतीत हंगाम ठरवताना तापमान चौथ्या क्रमांकावर येतं. त्याच्या आधी गंगेची पातळी, भुसावळवरून जाणाऱ्या गाड्या आणि गर्दी. या तिन्ही गोष्टी पत्रात कुठेच नाहीत, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू.

गंगेची पातळी आणि गुडघे यांचा संबंध सरळ आहे. काशीचा किनारा उंच. वरच्या गल्लीतून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, अस्सीपासून राजघाटापर्यंत अशा ८४ घाटांची रांग. पाणी जितकं खाली, तितक्या जास्त पायऱ्या उतरायच्या, आणि स्नान किंवा नाव झाली की तितक्याच चढायच्या. एप्रिल-मे-जूनमध्ये गंगा सगळ्यात खाली असते, समोरच्या काठाला रेतीचं मैदान उघडं पडलेलं असतं. म्हणजे ज्या महिन्यात ऊन सगळ्यात कडक, त्याच महिन्यात पायऱ्याही सगळ्यात जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उलटं: पाणी इतकं वर येतं की पायऱ्याच दिसत नाहीत, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बुडते. पूर ओसरला की घाटांवर गाळाचा थर राहतो. तो पंपाच्या पाण्याने धुऊन काढायचं काम पुढे कित्येक दिवस चालतं, आणि तोवर पायऱ्या बुळबुळीत असतात. पाऊस गेला, आता हवा छान, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाणारे लोक इथे घसरतात, अगदी शब्दशः. देवदिवाळीसाठी घाट स्वच्छ करून घेतात, त्यामुळे नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर मध्य या काळात पायऱ्या कोरड्या आणि स्वच्छ असतात, आणि पाणीही उन्हाळ्याइतकं खाली गेलेलं नसतं. सासूबाईंच्या दृष्टीने हा एकच मुद्दा निम्मा निर्णय करून टाकतो.

आता एकेकाचं म्हणणं बघू.

यजमानांचं उन्हाचं गणित आकड्यावर चुकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ असतो. काशीचं मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ४० ते ४१ च्या घरात. म्हणजे आपण तिकडे गारव्याला चाललो असंच वाटेल. पण खान्देशात आपण ऊन सोसतो कसं? सकाळी दहाच्या आत शेतातून घरी यायचं, दार लोटून कूलर लावायचा, आणि पाचनंतरच ओट्यावर यायचं. आपल्याला सवय आहे ती ऊन चुकवायची. यात्रेत ते चुकवता येत नाही. दर्शनाची रांग दुपारीही असते, देवळाच्या आवारात पाय अनवाणी, खाली तापलेला दगड. शिवाय मे अखेरीपासून काशीत पूर्वेकडचा दमट वारा सुरू होतो. आपल्याकडे घाम आला की वाळतो आणि अंग थोडं तरी निवतं. तिकडे तो अंगावरच राहतो, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचा त्रास कोरड्या ४४ पेक्षा जास्त होतो. त्यात भर प्रवासाची: भुसावळहून इटारसी, जबलपूर, सतनामार्गे काशी म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर, साधारण वीस ते चोवीस तास. स्लीपरच्या डब्यात मे महिन्याची ती दुपार ७२ व्या वर्षी काढायला लावू नका.

"मे महिन्यात शेतात काम नसतं" हेही कोरडवाहूवाल्यांनी म्हणावं. तुमच्याकडे केळी आहे. उन्हाळ्यात केळीला ठिबकचं पाणी एक दिवस चुकलं तरी बाग मान टाकते, वीज कधी येईल त्यावर घरातल्या एकाला नजर ठेवावी लागते, आणि वादळी वारा सुटला तर घड लागलेली झाडं आडवी होतात. बागायती कपाशीची लगबगही मेच्या शेवटालाच सुरू होते. आठ दिवस घर सोडून यजमानांचं लक्ष काशीत लागेल असं वाटत नाही. त्यातून २०२६ ला १७ मे ते १५ जून ज्येष्ठ हा अधिक मास आहे. या महिन्यात तीर्थस्नानाला महत्त्व, त्यामुळे मे दुसऱ्या पंधरवड्यात उन्हाळा असूनही गर्दी असणार. बरं, एवढं करून लंगडा आंबा खावा म्हणाल तर तो जूनमध्ये उतरतो. मे महिन्यात तोही हुकतो!

सासूबाईंच्या श्रावणाकडे येऊ. इथे आपलं पंचांग आणि तिकडचं पंचांग यांत पंधरा दिवसांचा फरक आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. २०२६ ला काशीचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला, सुरू होऊन राखीपौर्णिमेला २८ ऑगस्टला संपतो. आपला श्रावण १३ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर. म्हणजे आपल्या चार सोमवारांपैकी १७ आणि २४ ऑगस्ट हे दोन तिकडेही श्रावणी सोमवार. त्या दिवशी कावडिये आणि गावोगावचे भाविक मध्यरात्रीपासूनच रांगेत उभे असतात. ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर हे मात्र फक्त आपल्या श्रावणातले. गर्दी टाळून श्रावणी सोमवार साधायची ही एक वाट कागदावर दिसते खरी, आणि बरेच मराठी यात्रेकरू ती धरतातही.

पण तेव्हा गंगा आडवी येते. काशीत जुलै-ऑगस्ट मिळून वर्षाच्या निम्म्याहून जास्त पाऊस पडतो, आणि पूर केवळ तिथल्या पावसावर अवलंबून नसतो. राजस्थान-मध्य प्रदेशात मुसळधार झाली की चंबळेचं पाणी यमुनेत, यमुनेचं प्रयागराजला गंगेत, आणि तिथून काही दिवसांत ते काशीत पोहोचतं. वर आभाळ निरभ्र आणि खाली पाणी तासातासाने चढतंय, असं तिथे होतं. राजघाटाच्या मोजपट्टीवर ७०.२६२ मीटर ही इशाऱ्याची पातळी आणि ७१.२६२ ही धोक्याची. आजवरचा सर्वांत मोठा पूर ९ सप्टेंबर १९७८ चा, ७३.९०१ मीटर. तारीख बघा, सप्टेंबरची आहे. पाणी चढलं की नावा बंद होतात, दशाश्वमेधची गंगा आरती वर इमारतीच्या गच्चीवर न्यावी लागते, मणिकर्णिकेचे अंत्यसंस्कारही वरच्या जागेत करावे लागतात. दर्शन बंद होत नाही, पण "गंगेत बुडी मारली" हे समाधान मिळत नाही, आणि सासूबाईंना तेच तर हवंय.

त्यांना एवढं विचारून बघा: बेल वाहायचा तो सोमवार महत्त्वाचा, की महादेवापुढे दोन क्षण निवांत उभं राहणं? श्रावणी सोमवारी ढकलाढकलीत गाभाऱ्यापुढून कधी सरकलो तेही कळत नाही. मार्गशीर्षातल्या एखाद्या बुधवारी पहाटे तेच दर्शन बरंच सुखाने होतं. श्रावणातला बेल आपल्या गावच्या महादेवाला वाहता येईल. हा निर्णय त्यांचा त्यांनाच घेऊ द्या. त्यांनी श्रावणच म्हटलं तर निघायच्या आठ दिवस आधीपासून रोज गंगेच्या पातळीची बातमी बघत जा, आणि तिकीट रद्द करायची तयारी ठेवा.

आता दिरांचा बेत. सगळ्यांत मोह पाडणारा आणि सगळ्यांत अडचणीचा तोच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट तारखेची. आपल्या बऱ्याच मराठी कॅलेंडरांत देवदीपावली मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला छापलेली असते. काशीची देवदिवाळी त्याच्या पंधरवडाभर आधी, आपण जिला त्रिपुरी पौर्णिमा म्हणतो त्या दिवशी असते. भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिकीट काढलं तर तुम्ही पोहोचाल तेव्हा पणत्या विझून दोन आठवडे झालेले असतील. २०२६ ला दिवाळी ८ नोव्हेंबरला आणि काशीची देवदिवाळी २४ नोव्हेंबरला आहे. २०२५ ला तीच ५ नोव्हेंबरला होती. अधिक मासामुळे यंदा सगळे सण जवळपास तीन आठवडे पुढे गेलेत. म्हणून कुणी "गेल्या वर्षी आम्ही अमुक तारखेला गेलो होतो" म्हटलं तर ती तारीख उचलू नका.

दुसरी गोष्ट गाड्यांची. महानगरी, कामायनी, काशी एक्स्प्रेस या मुंबईहून येतात आणि भुसावळवरून पुढे जातात. सुरतहून छपऱ्याकडे जाणारी ताप्ती-गंगाही नंदुरबार, जळगाव, भुसावळ असाच रस्ता धरते. दिवाळी ते छठ या आठवड्यात मुंबई आणि सुरतेतला पूर्व उत्तर प्रदेश-बिहारचा कामगारवर्ग याच गाड्यांनी गावी जातो. २०२६ ला छठ १५ नोव्हेंबरला आहे. म्हणजे साधारण ५ ते १४ नोव्हेंबर जायच्या दिशेला, आणि छठनंतरचे आठ-दहा दिवस यायच्या दिशेला, डब्यात पाय ठेवायला जागा नसते. गाडी सुरत-मुंबईहून भरून येते, जळगाव-भुसावळला चढणाऱ्याला आपली राखीव बर्थही भांडून मोकळी करून घ्यावी लागते. सुरतेत कारखाने दिवाळीला बंद असतात, म्हणून दिरांना तेव्हाच सुटी. गोची अशी की सुरतेतल्या बाकी सगळ्यांनाही तेव्हाच असते. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष देवदिवाळीची संध्याकाळ. घाटांवर लाखो दिवे, वर पौर्णिमेचा चंद्र, ते दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे यात शंका नाही. पण घाटावर बसायला जागा हवी तर दुपारी तीनच्या आत जाऊन बसावं लागतं, आणि रात्री आठ-नऊपर्यंत उठता येत नाही, कारण उठून जाणार कुठे? मागच्या सगळ्या गल्ल्या माणसांनी भरलेल्या. गाड्या-रिक्षा दूरवर अडवलेल्या, स्वच्छतागृह शोधायचं तर गर्दी कापत जायचं. नावेचे आणि खोल्यांचे दर त्या दिवशी कित्येक पटींनी चढतात आणि महिनोन्महिने आधी ठरलेले असतात. गुडघे दुखणाऱ्या दोन वयस्क बायकांना घेऊन हे करू नये. दीर आणि त्यांच्या वयाची मंडळी तेवढ्यासाठी वेगळी जाऊन आली तर मात्र जरूर जावं.

यातच तुमच्या पत्रातला एक न बोललेला मुद्दा दडलाय: सगळ्यांनी एकदमच जायचं. का बरं? दिरांना सुटी दिवाळीत, मुलाचं दहावीचं वर्ष, यजमानांची केळी, सासूबाईंचे गुडघे, या चौघांना जुळेल असा महिना कॅलेंडरात नाहीच. तो शोधत बसल्यामुळेच अशा यात्रा वर्षानुवर्षं लांबतात. यात्रा सासूबाईंची आहे हे एकदा मान्य केलं की बाकीच्यांनी यायचं की नाही हा प्रश्न सोपा होतो. दोन्ही आजी, तुम्ही आणि एक धडधाकट पुरुष माणूस, एवढे चौघं पुरेत. मुलं आली तर उत्तम, पण त्यांच्यासाठी महिना बदलू नका.

धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचं दर्शन उघडतं, वर्षात तेवढेच दिवस. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी दिवाळीची गर्दी पत्करूनच जावं, त्याला दुसरा पर्याय नाही.

शेजारच्यांची जानेवारी उरली. "थंडीत काशी" हे बरोबर आहे, पण थंडी म्हणजे जानेवारी हे आपल्याकडचं समीकरण. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा ८ वर आला तरी दहा वाजता ऊन पडतं आणि दुपारी सदऱ्यावर फिरता येतं. गंगेच्या मैदानात तसं नाही. ओली सपाट जमीन, नदी, पडलेला वारा, त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर दाट धुकं धरतं आणि कधीकधी तीन-चार दिवस सूर्यच दिसत नाही. जानेवारीचं सरासरी कमाल तापमान २२-२३ दिसतं, पण धुक्याच्या दिवशी दुपारीही पारा १३-१४ च्या वर जात नाही. अशा गारठ्यात दुखरे गुडघे आखडतात. पहाटेच्या नावेतून समोरचा घाटही दिसत नाही, मग ती नाव कशासाठी?

गाड्यांचं धुकं त्याहून त्रासदायक. जाताना आपली गाडी बहुतेक मध्य प्रदेशातून जाते, त्यामुळे उशीर शेवटच्या टप्प्यातच होतो. येताना मात्र फरक पडतो. गोरखपूर, छपरा, बलिया, दरभंग्याहून येणारी गाडी धुक्याच्या पट्ट्यातून रांगत काशीला येते, आणि तुम्ही फलाटावर शालीत गुंडाळून पाच-सहा तास बसता. म्हणून थंडीत परतीचं तिकीट काशीहूनच सुटणाऱ्या गाडीचं काढावं, महानगरी तशी आहे. काही गाड्या वाराणसी जंक्शनवरून सुटतात, तर काही बनारसवरून, म्हणजे जुन्या मंडुवाडीहवरून. तिकिटावर 'वाराणसी जंक्शन' आहे की 'बनारस' हे नीट वाचा, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. उत्तरेकडच्या काही गाड्या धुक्यापायी डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातले काही दिवस रद्दच ठेवतात, तेही आधी पाहून घ्या. भरीला जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराजचा माघ मेळा, आणि आपल्या गाड्या त्याच बाजूने जातात. मौनी अमावास्येच्या आगेमागे त्या रस्त्याला जाऊच नये.

तर आता तारखा. २०२६ ला सोमवार ३० नोव्हेंबरला निघा, मंगळवार १ डिसेंबरला पोहोचा. मंगळ, बुध, गुरू काशीत, शुक्रवार ४ डिसेंबरला परतीची गाडी, शनिवारी घरी. सोमवार आणि शनिवार-रविवार दर्शनाची गर्दी जास्त, ते तिन्ही वार यात आपोआप टळतात. दिवसा २६-२७ अंश, पहाटे ११-१२. एक स्वेटर, एक शाल आणि कानटोपी पुरे. छठची परतीची गर्दी ओसरलेली, धुकं अजून धरलेलं नसतं. मुलाच्या पूर्वपरीक्षेला अवकाश असतो, पाच-सहा दिवसांच्या रजेने त्याचं काही बिघडायचं नाही. कपाशीची वेचणी तेव्हा ऐन रंगात असेल हे खरं. म्हणूनच यजमानांऐवजी तुमचे भाऊ किंवा भाचे सोबत येतात का बघा. मजूर सोडून आलेला माणूस काशीतही फोनवरच असतो.

तिकिटाचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस न धरता. म्हणजे ३० नोव्हेंबरचं तिकीट १ ऑक्टोबरला आणि ४ डिसेंबरचं ५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता खुलं होईल. दिवस मोजताना गाडी जिथून सुटते तिथली तारीख धरतात, त्यामुळे दूरहून येणारी गाडी तुमच्या स्टेशनात मध्यरात्रीनंतर पोहोचत असेल तर एक दिवस इकडेतिकडे होतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे: ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया, एका तिकिटावर एकटे किंवा दोघंच. तुमच्याकडे दोघी बहिणी आहेत, त्यांचं दोघींचं तिकीट वेगळं त्या कोट्यातून काढा, बाकीच्यांचं वेगळं. सगळ्यांची नावं एकाच तिकिटावर घातलीत की तो कोटा लागू होत नाही, आणि मग ७२ वर्षांच्या बाई मधल्या बर्थवर. डबे वेगळे आले तर टीसीला किंवा सहप्रवाशांना विनंती करून एकजण जवळ बसा. शक्यतो थर्ड एसी घ्या. जबलपूर-सतन्याकडची डिसेंबरची रात्र स्लीपरच्या खिडकीपाशी बोचते, आणि एसीत पांघरूण मिळतं.

राहायची खोली निवडताना घाटावरचं दृश्य विसरा. जुन्या गल्ल्यांत रिक्षा जात नाही, सामान उचलून न्यावं लागतं, आणि "गंगा दिसते" असं सांगून दिलेली खोली हमखास चौथ्या मजल्यावर असते. गोदौलियाजवळ मुख्य रस्त्याला लागून, लिफ्ट असलेली किंवा तळमजल्याची खोली घ्या, आणि संडास कमोडचा आहे का हे फोनवर विचारूनच पैसे भरा. गोदौलिया ते मैदागिन रस्त्यावर दिवसा वाहनं अडवतात, म्हणून देवळाकडे थोडं चालावंच लागतं. विश्वनाथ धामात चाकाच्या खुर्चीची सोय असते, प्रवेशद्वाराशीच मागून घ्या. मोबाइल, पर्स, चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. खोलीवर ठेवून निघालात तर लॉकरच्या रांगेतला अर्धा तास वाचतो.

स्नान आणि नाव यांसाठी अस्सी किंवा दशाश्वमेध बरा, तिथल्या पायऱ्या रुंद आहेत. सूर्य वर आल्यावर, आठच्या सुमाराला जा. पहाटे पाचलाच बुडी मारली पाहिजे असं काही नाही. नावेत चढताना एकजण आधी आत, एकजण मागे, आजी मधे. संध्याकाळची आरती डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सुरू होते, तासभर आधी गेलात तर बसायला जागा मिळते. जमिनीवर बसता येत नसेल तर नावेतून बघणं सोयीचं. एक दिवस सारनाथला ठेवा, दहा किलोमीटरवर आहे आणि सगळं सपाट. आणि सकाळी चौकाच्या बाजूला मलइयो खायला विसरू नका: रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशर-वेलचीचा फेस, तोंडात घातला की नाहीसा होतो. आपल्याकडे शेतात भरीत-पार्ट्या रंगतात तोच त्याचा हंगाम, उन्हाळ्यात मागून मिळत नाही.

अशाच वळणाची आणखी काही पत्रं आली आहेत, त्यात दिवंगत वडील-सासऱ्यांच्या पिंडदानासाठी पितृपक्षच हवा का, असं विचारलंय. २०२६ ला पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे. त्या दिवसांत पिशाचमोचन कुंडावर आणि गयेत पाय ठेवायला जागा नसते, आणि घाटांवर गाळही असतो. गयेच्या श्राद्धाला काळाचं बंधन नाही असं परंपराच सांगते, तीर्थश्राद्ध यात्रेला गेल्यावर कोणत्याही दिवशी करतात. तुमच्या गुरुजींना विचारून घ्या. काशीहून गया रेल्वेने चार-पाच तासांवर आहे, डिसेंबरच्या याच बेतात दोन दिवस वाढवले की तेही होतं. मात्र वयस्क माणूस सोबत असेल तर काशी झाल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांतीचा मधे टाका.

आत्तापासून करायचं ते एवढंच. सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे नेऊन पायऱ्या चढण्याबद्दल विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर गणपती झाले की रोज वीस मिनिटं चालणं सुरू करा. खाली रबर असलेली काठी घ्या आणि तिची सवय घरीच होऊ द्या. नेहमीच्या गोळ्या आठ दिवस जास्तीच्या, आणि त्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही.

डिसेंबर काही कारणाने हुकला, तर जानेवारीकडे वळू नका. पुढची खिडकी २०२७ च्या फेब्रुवारीत आहे: माघी पौर्णिमा २० तारखेला, महाशिवरात्र ६ मार्चला, त्यांच्या मधले २२ फेब्रुवारी ते २ मार्च. दिवसा २७-२८ अंश, धुकं गेलेलं, कपाशी निघालेली, गहू कापायला अवकाश. यजमानांनाही तेव्हा येता येईल, फक्त दहावीचा मुलगा घरी राहील आणि त्याच्यापाशी कुणीतरी लागेल. २२ फेब्रुवारीचं तिकीट २४ डिसेंबरला खुलं होतं.